एडेलवाइसचे पाच बिल्ले

सिंगापूर,
२ जून २०२५

उल्का रवींद्र सोवनी,

तुला पूर्ण नावाने मी कधी हाक मारली नव्हती. परंतु फेब्रुवारीपासून रुग्णालय, बँक आणि प्राप्तिकर खाते यांच्याशी तुझ्याविषयी जो पत्रव्यवहार केला, त्यात तू याच नावाने आहेस. आता हाताला दुसरे वळण उरलेले नाही. हे पत्र कोठेही पाठवायचे नाही. तरी लिहितो, कारण सध्या ज्या प्रश्नाने मला भंडावून सोडले आहे, त्याचे उत्तर देऊ शकणारी व्यक्ती एकच होती.

तुझ्याकडे पारख शिकलेले बँकेतले संग्राहक श्री. मुकुल देवस्थळी यांनी जानेवारीत तुझ्याकडे पाच कापडी बिल्ले पारखायला दिले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या पहाडी पलटणींतील शिपाई उजव्या बाहीवर लावत, तो लंबगोल बिल्ला: गडद हिरव्या लोकरीवर एडेलवाइसचे पांढरे फूल, मध्ये पिवळे केसर आणि भोवती गिर्यारोहकाचा दोर. बेडोक नॉर्थमधील तुझ्या कामाच्या खोलीपर्यंत जाण्याइतकी शक्ती तुझ्यात उरली नव्हती, म्हणून तुझे भिंग आणि दिवा मी घरी आणून दिला होता. उशीला टेकून तू ते काम केलेस आणि तुझे मत लिहिलेस: एक, दोन, चार आणि पाच अस्सल, तीन क्रमांकाचा युद्धानंतर केलेला, खोटा. खाली लिहिलेस, ‘कारणे सविस्तर नंतर लिहीन.’

मार्चमध्ये मी ते मत व बिल्ल्यांची डबी श्री. देवस्थळी यांना नेऊन दिली. देण्यापूर्वी डबी उघडून पाहिली, तर पाचही बिल्ले स्वच्छ, सपाट, एकावर एक रचलेले. त्या अवस्थेतही तू सारे इतके नीटनेटके करून ठेवलेस, हे पाहून मी बराच वेळ डबी मिटू शकलो नाही.

आता श्री. देवस्थळी दूरध्वनीवर म्हणतात की पाचही बनावट आहेत. सबब तुझ्या अखेरच्या वर्षातील कोणतेही मत ग्राह्य धरू नये, असे ते संग्राहकांच्या मंडळाला कळवणार आहेत. मी त्यांना सर्व लेखी कळवण्यास सांगितले आहे.

गार्गी वन-नॉर्थच्या कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत बोलली. म्हणाली, "बाबा, लेट इट गो लाह. त्या लोकांच्या बिल्ल्यांवरून कशाला भांडायचं?" भांडण बिल्ल्यांवरून नाही, हे मला तिला नीट सांगता आले नाही. तिनेच एकदा तुला विचारले होते की असल्या सैन्याच्या वस्तूंना तू हात तरी कशी लावतेस. तेव्हा तू म्हणालीस, "ते घालून त्यांनी जे केलं त्याच्याशी मला काडीची आपुलकी नाही. पण आज कुणी नवं कापड चहात बुडवून जुनं म्हणून विकत असेल, तर त्याला मी सोडणार नाही." त्या वेळी मला ते विक्षिप्त वाटले होते. आज तेच वाक्य श्री. देवस्थळींना ऐकवावेसे वाटते. पण ते तुझे आहे, आणि माझ्या तोंडी त्याला वजन नाही. जहाज कंपनीचे हिशेब तपासण्यात ज्याचे आयुष्य हार्बरफ्रंटच्या कचेरीत गेले, त्याला कापडातले सुती आणि लोकरी याहून अधिक काय कळणार?

रवींद्र


सिंगापूर,
६ जून २०२५

आदरणीय सोवनीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहितो. ई-मेल तुम्ही उघडत नाही असं गार्गीकडून कळलं.

मुद्दा साधा आहे. हल्लीच्या धाग्यांत पांढरेपणा यावा म्हणून एक रसायन घालतात. अतिनील किरणांच्या दिव्याखाली ते निळसर पांढरं चमकतं. युद्धाच्या काळातल्या लष्करी कापडात ते नसे. म्हणून अंधारात दिवा धरायचा. चमकलं तर नवं, काळं राहिलं तर पुढची तपासणी. हा पहिलीतला धडा मला उल्काताईंनीच शिकवला.

मेमध्ये एक संग्राहक मित्र व्हिएन्नाहून आले होते. त्यांना मी मोठ्या अभिमानानं उल्काताईंचं मत दाखवलं आणि मग दिवा लावला. पाचही बिल्ले ट्यूबलाइटसारखे पेटले. ते गृहस्थ माझ्याकडे पाहून फक्त हसले. बँकेत वीस माणसांसमोर आकडे चुकले असते तरी चाललं असतं, हे नको होतं.

उल्काताईंबद्दल मला आदर आहे आणि राहील. पण त्या वेळी त्या किती औषधांवर होत्या हे तुम्हालाच माहीत. त्यांच्या मतावर लोक वस्तू घेतात, ठेवतात, वारसांना देतात. एक मत एवढं चुकलं असेल तर त्या वर्षातली बाकीचीही पुन्हा तपासायला हवीत, असं मंडळाला कळवणं माझं कर्तव्य आहे. मला त्यात आनंद नाही.

आपला,
मुकुल देवस्थळी


सिंगापूर,
९ जून २०२५

श्री. मुकुल देवस्थळी यांस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. त्यातील विज्ञान मला नवे आहे, परंतु तर्कशास्त्र नवे नाही. म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

दिव्याखालची चमक ही आपल्याच म्हणण्याप्रमाणे पहिलीतली परीक्षा आहे. तो दिवा उल्काच्या उशाशी होता. तिने तो लावला तेव्हा पडदे ओढून घेण्याचे काम मी स्वतः केले आहे. माझी पत्नी आजारी होती, आंधळी नव्हती. पाचही बिल्ले आपण म्हणता तसे पेटले असते, तर चार अस्सल आणि एक खोटा असे मत तिच्या हातून उतरणे शक्य नव्हते. औषधांमुळे तिला ग्लानी येत असे हे खरे. ग्लानीत ती कामाला हात लावत नसे, हेही तितकेच खरे.

यावरून एकच निष्कर्ष निघतो. तिने पाहिलेले पाच बिल्ले आणि आपल्या मित्रासमोर चमकलेले पाच बिल्ले हे तेच होते काय, हा प्रश्न उपस्थित होतो. मार्च ते मे ते आपल्या ताब्यात होते. मी कोणावर आरोप करीत नाही. प्रश्न मात्र विचारतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत आपण मंडळाला काहीही कळवू नये अशी अपेक्षा करतो.

मृत व्यक्तीला खुलासा करता येत नाही, याचे भान उभयपक्षी राहावे.

आपला,
रवींद्र सोवनी


सिंगापूर,
११ जून २०२५

सोवनीसाहेब,

आरोप करत नाही म्हणून तुम्ही तो व्यवस्थित केलात. माझे बिल्ले मीच बदलीन आणि माझंच हसं करून घेईन, हे तर्कशास्त्र मला झेपलं नाही.

बदलले असतील तर तुमच्या घरात बदलले असतील. उल्काताई गेल्यानंतर तुमच्याकडे किती माणसं येऊन गेली, ते मी पाहिलं आहे. भेटायला मीही आलो होतो.

पाचही बिल्ले या पत्रासोबत परत पाठवतो. दिवा उल्काताईंच्या खोलीत असेलच. लाइट बंद करा आणि स्वतः पाहा. ३१ जुलैपर्यंत थांबतो. त्यानंतर मंडळाला लिहीन.

मुकुल देवस्थळी


सिंगापूर,
१४ जून २०२५

चि. सौ. प्रणिता हीस,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला परतल्यापासून सविस्तर लिहिणे झाले नाही. माझी प्रकृती ठीक आहे. गार्गी दर रविवारी येते आणि फ्रिजमध्ये डबे ठेवून जाते.

पत्राचे कारण वेगळे आहे. तुझ्या ताईच्या खाटेजवळच्या खणात एक पत्र्याची डबी होती आणि तीत कापडाचे पाच लहान लंबगोल तुकडे होते. ते एका गृहस्थांचे असून त्यांविषयी वाद उत्पन्न झाला आहे. ताईच्या मताच्या खरेपणाविषयीच तो वाद आहे, म्हणून मला शांत बसता येत नाही. ताई गेल्यावर तू येथे होतीस. त्या काळात त्या खणाला कोणी हात लावला होता काय? डबी कोणी उघडली, कोणी बाहेर नेली, असे तुझ्या पाहण्यात आले काय? आठवून स्पष्ट लिहावे. बेडोक नॉर्थची खोली या जुलैअखेर रिकामी करून द्यायची आहे आणि तत्पूर्वी हे प्रकरण मिटवणे आवश्यक आहे.

तुझा,
रवींद्र


पुणे,
२२ जून २०२५

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत संपवता, म्हणून मीही लिहूनच उत्तर देते.

‘डबी कोणी बाहेर नेली’ हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून घेतला. भाऊजी, मी तिथं ताईसाठी आले होते. तिचं माहेरचं माणूस म्हणून शेवटी मीच राहिले होते. तिच्या कपाटातली एक साडीसुद्धा मी मागितली नाही. गार्गीनं बळंच बॅगेत घातली ती निळी, तीही अजून नेसले नाही. आता डबीची चौकशी. आमच्या ह्यांना, विश्वासना, दाखवलं पत्र, तर ते म्हणाले, ‘तुझे भाऊजी ऑडिट करतायत, मनावर घेऊ नकोस.’ कसं नको घेऊ?

घरात भेटायला आलेल्यांपैकी आतल्या खोलीत कुणी गेलं नाही. तुम्ही दाराशीच खुर्ची टाकून बसला होतात, जाणार कोण? खणाला हात लावला असेल तर मी लावला असेल. आणि मी तुमच्या घरातून परत येताना बॅगेत काय काय होतं ते गार्गीला विचारा, तिनंच भरली.

तुमच्या त्या गृहस्थांना सांगा, आमच्याकडे शिपायांचे बिल्ले चोरणारं कुणी नाही.

तब्येतीची काळजी घ्या. डब्यातलं गरम करून खात जा.

प्रणिता


सिंगापूर,
२९ जून २०२५

चि. सौ. प्रणिता हीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या पत्राने तुला दुःख झाले, याबद्दल खेद वाटतो. शब्दयोजना चुकली. तुझ्यावर संशय घेण्याचा विचार मनात आला नव्हता. तथापि तुझ्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: खणाला हात लावला असेल तर मी लावला असेल.

काल ताईच्या खोलीवर गेलो होतो. इमारतीची उद्वाहने बंद होती, जिना चढावा लागला, आणि वर पोहोचल्यावर किल्ली लागेना, कारण ती मी उलटी धरली होती. आत सर्व तिने ठेवले तसेच आहे. खिडकीला काळा पडदा आहे. दिवे मालवले आणि घरून बरोबर नेलेला तिचा दिवा लावला. प्रथम जे चमकले ते बिल्ले नव्हते, माझ्या सदऱ्याची बाही होती. अंधारात माझा हात मनगटापर्यंत पेटल्यासारखा दिसला. दचकून रुमाल काढला, तर तोही तसाच. मग बिल्ले टेबलावर ठेवले. पाचही चमकले. श्री. देवस्थळी खोटे बोलत नव्हते.

शेजारी ताईने नमुन्यासाठी ठेवलेले त्या काळचे एक-दोन तुकडे होते. ते काळेच राहिले. मी पुष्कळ वेळ पाहत बसलो. जर धागा तेवढा नवा असता, तर फूल चमकायला हवे होते आणि खालची लोकर काळी राहायला हवी होती. परंतु फूल, दोर, हिरवी लोकर, मागची बाजू, सारे एकाच मंद निळसर झाकेने चमकत होते. थेट माझ्या सदऱ्यासारखे. सदरा नवा नाही. मी सेवानिवृत्तीच्या वेळी शिवून घेतला होता तोच. तो चमकतो, कारण तो दर आठवड्याला पावडरीत धुतला जातो.

म्हणून एकच विचारतो, आणि यात दोष देण्याचा हेतू नाही. सुतक फिटल्यावर तू घरातले सगळे धुणे काढलेस. त्यात ते तुकडे होते काय?

तुझा,
रवींद्र


पुणे,
८ जुलै २०२५

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हो. मी धुतले.

आणि आता मलाही स्पष्ट लिहू द्या. सुतक फिटलं त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला काय सांगितलंत ते आठवतं का? म्हणालात, "प्रणिता, घरात कापडाचा एकही तुकडा धुतल्यावाचून राहता कामा नये. रीत म्हणजे रीत." गार्गी म्हणत होती की मावशी, चादरी आणि टॉवेल पुरे, एवढी मशीन कोण लावणार. तुम्ही तिला गप्प केलंत. मग मी पडदे काढले, गाद्यांचे अभ्रे काढले, देवघरातलं आसन काढलं, चष्म्याच्या घरातली पुसायची फडकी काढली. ताईच्या खणात ही डबी मिळाली. तिच्याजवळचं कापड, शेवटपर्यंत तिच्या हाताशी असलेलं. ते कसं सोडणार?

मशीनमध्ये नाही टाकले. वेगळ्या बादलीत, कोमट पाण्यात पावडर घालून, हातानं. मला ते बिल्ले आहेत हे ठाऊकच नव्हतं, भाऊजी. मला वाटलं ताईनं भरलेत. तिला भरतकाम कधी जमलं नाही. शाळेत तिचा रुमाल मी भरून द्यायचे आणि आई म्हणायची, ही कापडाची परीक्षा करील पण सुई धरणार नाही. तुमच्या बाल्कनीत ती पाच पांढरी फुलं ओळीनं वाळत घातली, तेव्हा मी तिथंच बसले. म्हटलं, बघ आई, आजारपणात का होईना, भरलं तिनं. वाळल्यावर वर ओला रुमाल ठेवून हलक्या हातानं इस्त्री केली. आता तुम्ही सांगताय की ते कुणा परक्या शिपायांच्या बाहीवरचे. एवढ्या मायेनं मी कुणाचं काय धुतलं!

अजून एक आहे. ते लिहावं की नाही याचा चार दिवस विचार करत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. प्रत्येक तुकड्याला मागे दोऱ्यानं एक कागदाची चिठ्ठी टाचलेली होती, त्यावर आकडा. कागद भिजून त्याचा लगदा फुलांना चिकटला असता, म्हणून मी आधी दोरे कापले. चिठ्ठ्या केरात गेल्या. कोणता आकडा कोणत्या फुलाचा, ते मी पाहिलं नाही. मला सगळी सारखीच दिसली.

तुम्ही रागावला असाल. रागवा. पण मला ‘दोष देण्याचा हेतू नाही’ असलं काही लिहू नका. त्यापेक्षा फोन करून ओरडलात तरी चालेल.

प्रणिता


सिंगापूर,
१३ जुलै २०२५

श्री. मुकुल देवस्थळी यांस,
सा. न. वि. वि.

आपल्याला ९ जून रोजी लिहिलेल्या पत्रातील संशय मी विनाशर्त मागे घेतो. बिल्ले बदललेले नाहीत. ते आपलेच आहेत आणि उल्काने पाहिले तेच आहेत. मध्यंतरी ते धुतले गेले.

उल्का गेल्यावर आमच्या रीतीप्रमाणे घरातील सर्व कापड धुण्यात आले. ही आज्ञा माझी होती. माझ्या मेहुणीने ती अक्षरशः पाळली. आपल्याला दिव्याखाली दिसली ती चमक कारखान्यातील नव्हे, आमच्या घरच्या धुण्याच्या पावडरीची आहे. खात्री करायची असल्यास बिल्ल्यांच्या शेजारी आपल्या सदऱ्याची बाही धरून पाहावी. आपली एक वस्तू माझ्या ताब्यात असताना बिघडली, याबद्दल क्षमा मागतो. ती पूर्ववत करता येणार नाही, हे मला समजते.

याउपर जे सांगायचे ते अधिक अवघड आहे. धुण्यापूर्वी उल्काच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. चार अस्सल आणि तीन क्रमांकाचा खोटा, हे तिचे मत जसेच्या तसे उभे आहे. तीन क्रमांक कोणता, हे सांगणारे कोणी उरलेले नाही; डबीतील क्रमही धुताना मोडला. आपल्याकडे पाचांचे मिळून, क्रमवार मांडून काढलेले, एक छायाचित्र आहे असे आपण दूरध्वनीवर म्हणाला होता. ते गार्गीमार्फत मागवून मी तिच्या संगणकावर मोठे करून पाहिले. लोकर आटली आहे, मळ गेला आहे, इस्त्रीने उठाव बसला आहे. मला जुळवणी करता आली नाही.

धाग्याचे टोक जाळून पाहण्याची एक परीक्षा उल्का करीत असे. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. सुताची राख होते. बिल्ले आपले असल्याने आपल्या संमतीवाचून मी ती करणार नाही. खोली ३१ जुलै रोजी परत करायची आहे. आपण त्यापूर्वी आलात, तर आपल्या समक्ष पाहता येईल. मंडळाला काय लिहायचे, ते त्यानंतर ठरवावे, अशी विनंती आहे. अपेक्षा नव्हे, विनंती.

आपला,
रवींद्र सोवनी


सिंगापूर,
३१ जुलै २०२५

उल्का,

श्री. देवस्थळी आज सकाळी आले. माझ्या पत्राला त्यांनी उत्तर दिले नव्हते, म्हणून ते येतील असे मी गृहीत धरले नव्हते. दाराशी त्यांनी बूट काढले. ही औद्योगिक इमारत आहे, याची गरज नाही, असे मी म्हटले. ते म्हणाले की तुझ्यासमोर ते नेहमीच काढत. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि तुझा दिवा एवढेच उरले होते. बाकीचे सामान कालच गेले.

प्रथम त्यांनी दिवा लावून आपली बाही धरली. बँकेत जाण्याचा कडक पांढरा सदरा होता. खोलीभर उजेड पडल्यासारखे झाले. मग ते म्हणाले की हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते, आणि तू असतीस तर त्यांना तासभर ऐकून घ्यावे लागले असते. ते खरे आहे.

त्यानंतर प्रत्येक बिल्ल्याच्या मागचा एक धागा तुझ्या चिमट्याने काढून जाळला. हे काम त्यांनी केले. मला आशा होती की चारांची राख होईल आणि एकाचा मणी. गेले दोन आठवडे मी या आशेवर काढले. पाचांचीही राख झाली. कागद जळल्याचा वास आला आणि बोटाने दाबताच भुगा. श्री. देवस्थळी म्हणाले, यावरून एवढेच कळले की ज्याने खोटा बिल्ला केला तो कंजूष नव्हता, त्याने सुती धागा आणला. खोट्याला ओळखण्याची तुझी खूण दुसरीच काही होती. ती धुण्यात गेली नसणार. ती अजून टेबलावर आमच्या समोर होती, आणि आम्हाला दिसत नव्हती.

तुझा मला राग आला. हे लिहिणे योग्य नाही, परंतु आला. ‘कारणे सविस्तर नंतर लिहीन.’ कोणत्या नंतरचा तू विचार करीत होतीस? दोन ओळी पुरल्या असत्या. मी उशाशी बसलो होतो, तू सांगितले असतेस तर मी लिहून घेतले असते. आणि तू मला सांगितले नाहीस, कारण मी कधी विचारले नव्हते.

गेले काही दिवस मी रोज भिंग घेऊन बसत होतो, हे मी त्यांना सांगितले. तेही फोटोतून तेच करत होते असे निघाले. मग त्यांनीच सुचवले की दोघांनी आपापला संशयित निवडावा, एकमेकांना न सांगता. पाचही उलटे मांडले. ते पडद्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मी माझा पाहून ठेवला: त्याच्या मागच्या बाजूला दोराच्या वळणाशी टाके उगीच दाट होते, घाईने परतल्यासारखे. मग मी तोंड फिरवले आणि त्यांनी त्यांचा पाहिला. नंतर दोघांनी एकदम बोट ठेवले.

माझे बोट डावीकडून दुसऱ्यावर होते, त्यांचे शेवटच्यावर. त्यांना त्याच्या लोकरीचा पोत पटत नव्हता. मी त्यांचा पाहिला, त्यांनी माझा पाहिला. मला त्यांच्या लोकरीत काही दिसले नाही. त्यांना माझे टाके इतरांसारखेच वाटले. पुन्हा पाहिले तेव्हा मलाही तसेच वाटू लागले.

ते खुर्चीत बसले आणि हसू लागले. कुचेष्टेचे हसणे नव्हते. म्हणाले, "सोवनीसाहेब, आपण दोघं मिळूनसुद्धा एक उल्काताई होत नाही."

त्यांनी मला पाणी दिले आणि खिडकीबाहेरच्या वाहनतळाकडे पाहत राहिले.

मंडळाला काय लिहायचे ते त्यांनी तेथेच फोनवर लिहून मला वाचून दाखवले. बिल्ले परीक्षेनंतर धुतले गेले. उल्का सोवनी यांचे मत कायम आहे. पाचांतील एक खोटा आहे. तो कोणता, हे आता सांगता येणार नाही, म्हणून पाचांपैकी एकही अस्सल म्हणून पुढे दिला जाणार नाही. अखेरच्या वर्षाविषयीचे वाक्य त्यात नव्हते. मी एक स्वल्पविराम सुचवला. तो त्यांनी घातला.

तेव्हा तुझा शब्द राहिला, उल्का. त्याचा उपयोग मात्र कोणालाच करता येणार नाही. दोन महिने मी ज्यासाठी धडपडलो ते मिळाले, आणि मिळाल्यावर हातात काय आहे ते मला समजत नाही. चार खऱ्या वस्तू आहेत आणि त्या खऱ्या आहेत हे माहीत असूनही त्यांतील एकीकडेही बोट दाखवता येत नाही. जन्मभर मी ज्या हिशेबांवर सह्या केल्या, त्यांत असा हिशेब मी कोणाचाही मान्य केला नसता.

प्रणिताला दुपारी फोन केला. ओरडलो नाही. ती फुले तू भरलेली नव्हतीस हे तिला पुन्हा सांगावे की काय, याचा विचार केला आणि ते राहू दिले. ती म्हणाली, निळी साडी गार्गीच्या लग्नाला नेसेन. गार्गीचे लग्न ठरल्याचे मला माहीत नव्हते. तुला बहुधा माहीत होते.

दिवा श्री. देवस्थळी घेऊन गेले. मीच तसे सुचवले. पाचही बिल्ले त्यांनी एकाच लिफाफ्यात घातले. मग मी काळा पडदा काढला, जमीन पुसली, पंखा आणि दिवे बंद केले. दार ओढून कुलूप लावले, ते लागले आहे याची खात्री केली, आणि दोन्ही किल्ल्या इमारतीचे व्यवस्थापक श्री. तेओ यांच्या हाती परत दिल्या.

रवींद्र